दोन गावांचं नाव

"आधी माहेर लिख वं माय, मंग सासर लिख. नहीतं कोन वयखी माले?"

पहूरच्या निंबाखाली ज्योत्स्नाला हे पहिल्याच बाईनं बजावलं, आणि मग एकीचं ऐकून दुसरीनं, दुसरीचं ऐकून तिसरीनं. आखाजीचा, म्हणजे अक्षय्य तृतीयेचा, दिवस होता. आखाजीला खान्देशात लेकी माहेरी येतात, निंबाच्या नाहीतर चिंचेच्या डहाळीला झोके बांधतात आणि गौराईची गाणी म्हणतात. वर्षभर सासरी दाबून ठेवलेला गळा त्या एका दिवशी मोकळा होतो. ज्योत्स्ना जळगावच्या एका कनिष्ठ महाविद्यालयात मराठी शिकवायची, आणि सुट्टी लागली की रेकॉर्डर घेऊन अशी गाणी गोळा करत हिंडायची. कुणी सांगितलं नव्हतं. तिला करमत नव्हतं, एवढंच.

गाणं झालं की बाई लॅपटॉपशी यायची. वाचता येवो न येवो, पडद्यावर बोट ठेवून विचारायची, "काय लिखं? वाच बरं." ज्योत्स्नाला मग मोठ्यानं वाचून दाखवावं लागे. 'आखाजीच्या गौराईचं झोक्याचं गाणं, भिकुबाई भ्र. लीलाधर, माहेर पहूर तालुका जामनेर, सासर नशिराबाद तालुका जळगाव.' फाईलचं नाव एवढं. 'भ्र.' म्हणजे भ्रतार, नवरा; इकडे सातबाऱ्यावरसुद्धा बायकांची नावं अशीच चढतात. तालुका राहिला तर बायका रुसायच्या. एक तर म्हणाली, "पहूर दोन-चार ऱ्हातीन दुनियामा, मनं कोनतं ते कसं समजी?"

ज्योत्स्नाला ते पटलं. ही सगळी गाणी एकाच गावात, एकाच झाडाखाली म्हटलेली; माहेर सगळ्यांचं पहूरच. एकीला दुसरीपासून वेगळं करणारं काही असेल तर ते सासर. आणि माहेर काढून टाकलं तर ती त्या झाडाखाली आलीच कशी? दोन्ही गावं हवीतच. पुरुषांचं सोपं होतं. डफावर बसलेल्या सुकदेव आबांचं नाव 'सुकदेव तोताराम, पहूर' इतक्यात आटपलं. जन्मले तिथेच राहिले, त्यांना एक गाव पुरतं.

पुढे कधीतरी ज्योत्स्नाची डिस्क कुरकुरायला लागली, म्हणून तिनं ती धुळ्याला प्रेमराजकडे पाठवली. प्रेमराज तिचा आतेभाऊ. देवपुरात त्याचं कॉम्प्युटर दुरुस्तीचं दुकान होतं. त्यानं सगळं आपल्या मोठ्या मशीनवर उतरवून घेतलं आणि फोनवर सांगितलं, "झालं अक्का. आता गाणी लिनक्सच्या घरात आहेत. निवांत झोप."

ती निवांत झोपली. बायकांची गाणी सुरक्षित आहेत, असं समजून कितीतरी महिने झोपली.

*

दिपमाला आली ती चैत्र सरताना, भर उन्हाची. कॉलेजच्या स्टाफरूमच्या दारात उभी राहून तिनं आधी चपला काढल्या, मग विचार बदलून पुन्हा घातल्या.

"मॅडम, मी नशिराबादच्या भिकुबाईची मुलगी. भुसावळला असते, रेल्वे कॉलनीत. मिस्टर गार्ड आहेत. तुम्ही मागे एकदा फोन केला होता."

ज्योत्स्नाला आठवलं. गाण्यातला एक शब्द विचारायला तिनं फोन केला होता, भिकुबाईनं दिलेल्या नंबरवर. उचलला या मुलीनं.

"तेव्हा तुम्ही म्हणाल्या होत्या, तुमच्या आईनं गाण्यात तुमचं नाव घेतलंय. मी म्हटलं, खोटं."

"हो. आणि फोन ठेवून दिलात," ज्योत्स्ना हसली.

दिपमाला हसली नाही. खुर्चीच्या कडेवर बसली, पदरानं मानेवरचा घाम टिपला.

"मी पहिली ना घरात. पहिल्या लेकराचं नाव आईनं तोंडावर घ्यायचं नाही, असं आहे आमच्यात. लेकराचं आयुष्य कमी होतं म्हणे. माझ्या धाकट्यांना ती नावानं हाका मारायची, मला 'मोठी'. 'ए मोठी, पाणी भर.' 'मोठी, हाई कर, मोठी, ते कर.' शाळेत मास्तरांनी हजेरी घेतली की मला वाटायचं, ही दिपमाला कोण दुसरीच. लग्नातसुद्धा नाही घेतलं हो. पत्रिकेवर छापलं, पण तोंडानं नाही."

"गाण्यात चालतं," ज्योत्स्ना म्हणाली. "झोक्यावर सगळं चालतं."

"मला कुठे माहीत होतं? मी कधी तिच्याबरोबर आखाजीला पहूरला गेलेच नाही. लहानपणी घर सांभाळायला मागे राहायचे, लग्नानंतर मला माझं माहेर, तिला तिचं. दोघींची आखाजी एकाच दिवशी." ती क्षणभर थांबली. "आता संक्रांतीनंतर तिला लकवा झाला, मॅडम. उजवी बाजू गेली आणि बोलणं गेलं. समजतं सगळं. भावाच्या घरी बघणारं कुणी नाही, म्हणून मी आणलंय भुसावळला. तिच्या तोंडून आता काहीच येणार नाही. तेवढं गाणं द्या मला. मला एकदा ऐकायचंय, ती माझं नाव कसं घेते."

ज्योत्स्नानं तिथल्या तिथे लॅपटॉप उघडला. प्रेमराजनं पाठवलेली प्रत त्यातच होती. भिकुबाई शोधलं. नाही. नशिराबाद शोधलं. नाही. पहूर शोधलं तेव्हा नावं आली. सुकदेव आबा आले, डफाची गाणी आली, दोन-चार बायकाही आल्या. निंबाखालच्या इतक्या बायकांतून फक्त दोन-चार.

"मिळेल," ती म्हणाली. "धुळ्याला मूळ आहे. मी जाऊन आणते."

दिपमालानं तिच्या तोंडाकडे पाहिलं. माणसं खोटा धीर देतात तेव्हा कशी बोलतात, हे दवाखान्यात ती नुकतीच शिकली होती.

*

एरंडोल गेलं, पारोळा गेलं. ज्योत्स्ना एसटीत मांडीवर लॅपटॉप धरून त्या उरलेल्या नावांकडे पाहत राहिली. वाचलेल्या बायका कोण? एक पहूरची, पहूरलाच दिलेली. दुसरीही गावातल्या गावातच. तिसरी बिनलग्नाची. हे ध्यानात आलं तशी तिनं यादी पुन्हा वरपासून वाचली. ज्यांच्या नावात एकच गाव होतं त्या सगळ्या होत्या. ज्या नांदायला दुसऱ्या गावी गेल्या त्यांतली एकही नव्हती.

प्रेमराजनं तिला पाहताच स्टूल पुसलं. "अक्का! कळवायचं तरी. चहा सांगू?"

"चहा नको. माझ्या बायका कुठे आहेत ते सांग."

"कोणत्या बायका?"

"नांदायला गेलेल्या."

त्यानं आधी चेष्टा समजली. मग तिचा चेहरा पाहून मशीनकडे वळला. शोधलं. पुन्हा शोधलं. "जाणार कुठे? अक्का, हे एक्स्ट-फोर आहे. डिस्कवर फाईली मांडून ठेवायची एक पद्धत असते, लिनक्समधली ही सगळ्यांत कसलेली. आपल्याकडे वीज दिवसातून किती वेळा जाते? विंडोजची मशीनं रडतात. हे आधी टिपून ठेवतं, आता मी अमुक करणार आहे, आणि मग करतं. मधेच वीज गेली तर उठल्यावर ते टिपण बघतं आणि गाडी रुळावर आणतं. बैलासारखं आहे. देखणं नाही, पण पडत नाही."

"बैलाचं कौतुक नंतर कर. बायका गाडीत बसल्याच नाहीत, असं दिसतंय मला." तिनं एसटीत लक्षात आलेलं सांगितलं.

प्रेमराजनं कीबोर्ड पुढे ओढला. मग म्हणाला, "एक पूर्ण नाव सांग. जसं टाइप केलं होतंस तसं."

ज्योत्स्नानं पाठ म्हणावं तसं म्हटलं. आखाजीच्या गौराईचं झोक्याचं गाणं, भिकुबाई भ्र. लीलाधर, माहेर पहूर तालुका जामनेर, सासर नशिराबाद तालुका जळगाव. त्यानं त्या नावाची एक रिकामी फाईल करायला घेतली. मशीननं एका ओळीत उत्तर दिलं. प्रेमराज ते वाचत राहिला. ओळ छोटी होती, तिला इतका वेळ लागायचं कारण नव्हतं.

"काय म्हणतंय?"

"नाव फार लांब आहे म्हणतंय."

रस्त्यावरून उसाच्या रसवाल्याचे घुंगरू वाजत गेले.

"दोनशे पंचावन्न बाइट," तो म्हणाला. "एका नावाला तेवढीच जागा. इंग्रजी अक्षराला एक बाइट लागतो. आपल्या अक्षराला तीन. आणि अक्षर म्हणजे तू समजतेस तसं नाही. काना वेगळा, मात्रा वेगळी, अनुस्वार वेगळा. 'भ्र' लिहिलास की भ एक, मोडलेला पाय एक, र एक. प्रत्येकाला तीन-तीन. पंच्याऐंशी खुणा झाल्या की संपलं."

"म्हणजे वेलांटीलासुद्धा पूर्ण तिकीट?"

"पूर्ण."

"आणि माझ्या जुन्या डिस्कवर कशी मावली नावं?"

"तिची पद्धत विंडोजची. तिथेही आकडा दोनशे पंचावन्नच आहे, पण ती खुणा मोजते, बाइट नाही. तिला मराठी आणि इंग्रजी सारखंच."

"मग दुसरं काही घे ना. तू ती नावं सांगत असतोस, एक्सएफएस आणि ते दुसरं."

"एक्सएफएस मोठ्या फाईलींना चांगलं. ट्रकभर माल टाक, दमत नाही. फक्त एकदा पसरलं की पुन्हा आकसत नाही. बीटीआरएफएस अजून चिकित्सक. एकेका तुकड्याची खूण ठेवतं, आतलं काही किडलं तर लगेच ओरडतं. पण नावाच्या बाबतीत..." त्यानं मान हलवली. "बठ्ठास्ले तितकंच, सगळ्यांना तेच दोनशे पंचावन्न बाइट. ज्यांनी हे बांधलं त्यांच्या डोळ्यांसमोर दोन गावांची बाई नव्हती, अक्का."

"निदान सांगायचं तरी होतं त्यानं."

"सांगितलं असणार. एकेक फाईल नाकारताना एकेक ओळ लिहिली असणार. मी त्या वेळी गिऱ्हाइकाशी बोलत होतो. ओळी वर पळून गेल्या. खाली 'झालं' दिसलं, मी झालं म्हटलं."

ज्योत्स्नानं विचारलं, "जुनी डिस्क?"

"फॉरमॅट केली."

तिनं लॅपटॉप मिटून पिशवीत घातला. ओरडली असती तर त्याला सोपं गेलं असतं.

"ऐक तर खरं. फॉरमॅट केली ती दुसरी प्रत तिच्यावर ठेवायची म्हणून. ती ठेवायची राहून गेली. खणात पडून आहे, वर काही टाकलेलं नाही."

"प्रेमराज, तुझ्या आळसाला मी आजवर शिव्या दिल्या ना? आज हात जोडते. काढ बाहेर."

डिस्क काढली. आधी त्यानं तिची जशीच्या तशी नक्कल करायला लावली, म्हणजे मूळ डिस्कला पुन्हा धक्का लागायला नको. ती होईपर्यंत चहा झाला, आणि त्याची जीभ थोडी सैल झाली.

"फॉरमॅट म्हणजे शेत नांगरणं नाही. नवा मालक येतो, हद्दीचे खुंट ठोकतो आणि जाहीर करतो, हे माझं, इथे आधी कुणी नव्हतं. खुंट बसले तेवढी रोपं मेली. मधली जागा तशीच. आवाज तिथे असतील. नावं मात्र नाहीत."

"नावं का नाहीत?"

"नाव फाईलच्या आत नसतंच, अक्का. नाव बाहेर असतं, फोल्डरच्या पाटीवर. आत नुसता आवाज. पाटी पुसली की आवाजाला आपण कोण ते सांगता येत नाही."

ज्योत्स्नाला वाटलं, हे तिनं कुठेतरी ऐकलंय. पहूरला, निंबाखालीच. भिकुबाईला तिथे 'नशिराबादवाली' म्हणत, आणि सासरी आपण 'पहूरवाली', असं तिनंच सांगितलं होतं. नाव कुणीतरी दुसऱ्यानं बाहेर लावलेलं, आणि आत ती गात असलेली.

उन्हं कलली तेव्हा पडद्यावर फाईली येऊ लागल्या. नावाच्या जागी नुसते आकडे. प्रेमराजनं एक उघडली. आधी निंबाच्या पानांची सळसळ, मग बांगड्या, मग एक आवाज, कोवळा, नाकात किंचित अडकणारा. ज्योत्स्नानं दोन्ही हात तोंडावर ठेवले. आल्या. पण कोण आली? ती त्या सगळ्यांना एकच दिवस भेटली होती. पाच-सहा आवाज ओळखता आले, बाकीचे नाहीत. सगळी गाणी ऐकत बसायला वेळ नव्हता, आणि नुसत्या दोन-दोन ओळींवरून भिकुबाईचा आवाज कोणता, हेही तिला छातीठोक सांगता येईना.

तिनं दिपमालाला फोन लावला. सगळं ऐकून दिपमाला म्हणाली, "मॅडम, मला नका विचारू. माझ्या मायला विचारा. तिच्या झोक्यावरच्या बायका आहेत त्या. परकर नेसायच्या तेव्हापासून ओळखते ती त्यांना. बोलता येत नाही, कान शाबूत आहेत."

*

भुसावळला रेल्वे क्वार्टरच्या पुढच्या खोलीत कूलर बंद केला, कारण तो बोलणाऱ्यावर ओरडायचा. वैशाखाची दुपार, आणि भुसावळ. प्रेमराजचा शर्ट पाठीला चिकटला. भिकुबाई खाटेवर उशांना टेकून बसली होती. सावळी, कपाळावर हिरवं गोंदण, तोंड एका बाजूला थोडं ओढलेलं. ज्योत्स्नाला पाहून तिनं डावा हात वर केला आणि बोटानं हवेत एक झोका काढला, इकडून तिकडे.

"वयखं तुम्हाला," दिपमाला म्हणाली. "माय, ह्या मॅडम तुन्या मैत्रिणीस्ले घिसन उन्यात. नावं हराई गयात त्यास्नी. तू सांगशी?"

भिकुबाईनं मान हलवली, आणि प्रेमराजकडे पाहून भुवई उचलली. हा कोण?

"यानंच हरवली," ज्योत्स्ना म्हणाली.

भिकुबाईच्या घशातून एक आवाज आला. हसणं होतं ते. प्रेमराजनं कान पकडले, तेव्हा आणखी आला.

पहिली फाईल लागली. भिकुबाईनं डोळे मिटले. दोन ओळी होतात न होतात तोच तिचा हात उठला. दिपमाला एकेक गाव बोलायची: "शेंदुर्णी? नेरी? वाकोद?" गाव बरोबर आलं की हात खाटेवर आपटायचा. मग त्या गावी दिलेल्या बायकांची एकेक नावं घेऊन, तसंच, नाव शोधायचं. प्रेमराज लगेच फाईल जागेवर ठेवायचा. त्यानं आता वेगळी रचना केली होती. एक फोल्डर माहेरचं, त्याच्या आत सासरचं, त्याच्या आत बाई. प्रत्येक पायरीला नावाची वेगळी जागा, त्यामुळे कुणाचं काही कापावं लागत नव्हतं. पहूरच्या आत वाकोद. पहूरच्या आत नेरी.

घाई त्यालाच होती. आवाज ओळखला की तो पुढची लावायला जायचा. दुसऱ्या-तिसऱ्या वेळी भिकुबाईनं डोळे वटारून त्याच्याकडे पाहिलं आणि हात आडवा धरला.

"पूर्ण ऐकू दे म्हणते," दिपमाला म्हणाली. "गाणं म्हणणारीला मधे उठवत नाहीत, भाऊ."

"माय, अशानं संध्याकाळ होईल," प्रेमराज म्हणाला.

"होवू दे. तिले कथं जानं शे?"

मग गाणी पुरती वाजली. कुठे मधेच आवाज नाहीसा होऊन नुसती पोकळी यायची, जिथे खुंट बसला होता तिथे. भिकुबाई त्या पोकळीतही थांबायची, आणि गाणं परत येईपर्यंत डाव्या हाताची दोन बोटं मांडीवर ठेका धरून चालू असायची. आवाज परत यायचा तो बरोबर बोटांवर यायचा. प्रेमराजनं हे दोनदा पाहिलं आणि घड्याळाकडे बघायचं सोडलं.

चहानंतर भिकुबाईचं गाणं आलं.

ओळखायला कुणाची गरज पडली नाही. दिपमाला चहाचा कप धरून उभी होती ती तशीच खाली बसली. आवाज जाडसर, थोडा घोगरा, ओळीच्या शेवटी चढणारा. ज्या आवाजानं 'मोठी, पाणी भर' म्हटलं तोच, पण पाणी पिऊन आलेला.

*निमना डायवर बांधा झोका,*
*झोकाले लागस वारा वं,*
*गवराई मनी पाव्हनी उनी,*
*उघडा ठेवा दारा वं...*

"हेच," ज्योत्स्ना कुजबुजली. "आता पुढे येतं. दोन कडवी झाली की."

एक कडवं झालं. दुसरं सुरू झालं, आणि त्याच्या मधोमध, शब्द अर्धा असताना, बाई बदलली. दुसराच आवाज, पातळ, उंच, दुसरंच गाणं. धृपदात केळीच्या बागेतलं पाणी, भावाचं दूरचं गाव. तो आवाज अगदी स्वच्छ होता, जणू तिथे त्याचीच जागा होती. आणि तसंच शेवटपर्यंत गेलं.

बाहेर यार्डात डबे जोडल्याचा दणका झाला.

"हे काय?" दिपमालानं विचारलं.

प्रेमराजनं कपाळाला हात लावला. "गाणं डिस्कवर सलग नसतं, ताई. जागा मिळेल तसं ठेवलं जातं, अर्धं इथे, अर्धं तिथे. कोणतं अर्धं कुठे, ते पाटीवर लिहिलेलं असतं. पाटी गेली. आता आपला प्रोग्राम गाण्याचं तोंड शोधतो आणि पुढे जे लागेल ते त्याचंच समजतो. इथे शेजारी दुसरी कुणी बाई होती."

"मग माझ्या मायचं उरलेलं?"

"असेल. पण बिनतोंडाचं आहे. कुणाच्या शेजारी पडलंय, सांगता येत नाही. खुंटाखाली गेलं असेल तर..." त्यानं वाक्य सोडून दिलं.

"ऱ्हाऊ द्या," दिपमाला उठली. कप गोळा करायला लागली. एक कप दोनदा उचलला, दोनदा ठेवला. "आवाज मिळाला ना. आवाज तरी मिळाला. नाव काय, पत्रिकेवर आहे छापलेलं."

ज्योत्स्ना म्हणाली, "मला ती ओळ आठवते, दिपमाला. सांगू?"

"तुमच्या तोंडून नको, मॅडम." मग लगेच, "राग मानू नका."

"नाही मानत."

खाटेवर टकटक झाली. भिकुबाई डाव्या हातानं खाटेची कड वाजवत होती. लॅपटॉपकडे बोट. मग हात फिरवून, चालू दे, चालू दे. तिला आपल्या गाण्याचं काही वाटलेलं दिसेना. राहिलेल्या बाया ऐकायच्या होत्या.

"माय, पुरे आता. थकशील."

टकटक.

प्रेमराजनं पुढची लावली. तिच्यापुढची लावली. दिपमाला आत ओट्याशी कप विसळत होती, आणि नळ बारीक सोडून, आतूनच गावं ओरडत होती. "फत्तेपूर? लोहारा?" खाटेवर आपटलेला हात तिला तिथपर्यंत ऐकू यायचा.

मग रत्नाबाई आली. पातळ, उंच आवाज. मघाशी भिकुबाईच्या गाण्यात शिरली होती तीच. भिकुबाईचा चेहरा उजळला; हिच्याशी काहीतरी जुनं होतं, भांडण किंवा जीव, किंवा दोन्ही.

"ही तर शिरपूरला दिलेली रत्नामावशी," दिपमाला आतून म्हणाली. "पान खायची ती. हो ना माय?" हात आपटला.

ओळख पटली होती. प्रेमराजचं बोट सवयीनं पुढे गेलं, आणि त्यानं स्वतःच ते मागे घेतलं.

*केयना बागमा पानी वाहे झुयझुय,*
*मना भाऊनं गाव दूर वं...*

रत्नाबाई दोन कडवी गायली. तिसऱ्याच्या पहिल्या शब्दावर तिचा आवाज तुटला, आणि त्या जागी, ओळीच्या मधूनच, जाडसर आणि घोगरं काहीतरी वर चढलं.

नळ बंद झाला.

*...डोया लागनात वाटले वं,*
*मनी दिपमाला आखाजीले येवो,*
*बांगड्या भरसू हातले वं.*
*मनी दिपमाला, मनी दिपमाला,*
*नशिराबादनी येस खाली वं...*

दिपमाला दारात उभी होती. ओले हात पुढे धरलेले, पाणी फरशीवर गळतंय. ते नाव तिनं हजेरीत ऐकलं होतं, रेशनकार्डावर वाचलं होतं, नवऱ्याच्या तोंडून ऐकलं होतं. असं ऐकलं नव्हतं. 'दिप' ला झोका मागे जायचा आणि 'माला' ला पुढे यायचा, आणि येताना नशिराबादची सगळी वेस घेऊन यायचा.

भिकुबाईनं पदर ओढून तोंडावर घेतला होता. चोरी पकडली जावी तशी ती लाजली होती. पदराच्या कडेवरून तिचे डोळे मुलीकडे पाहत होते, आणि मुलगी आपल्याकडे पाहतेय हे दिसताच खाली गेले.

"मोठी म्हणे," दिपमालाचा आवाज चिरकला. "माले जलमभर मोठी म्हणे, आणि तठे झाडखाले बठ्ठा गावले मनं नाव सांगे. लबाड कुठली."

ती पुढे झाली. हात पदराला पुसले आणि एक लॅपटॉपकडे नेला, पुन्हा मागे घ्यायला, ती ओळ परत लावायला. भिकुबाईचा डावा हात मधे आला. तिनं मुलीचं मनगट धरलं आणि बाजूला सारलं, रागानं नाही, पण ठाम. गाणं अजून चालू होतं. अजून धाकट्यांची नावं यायची होती, भावाचं यायचं होतं, गौराईला पाण्यात सोडायचं होतं.

दिपमाला खाटेच्या पायथ्याशी बसली. आईनं तिचं मनगट सोडलं नाही. दोन बोटं मनगटावर ठेका धरू लागली, आणि झोका जाऊन येऊन, जाऊन येऊन, गाणं पुढे चाललं.